खाली सही नसलेलं वाचन

मे महिन्यात भाची राहायला आली होती. नववीत जाणारी, हाताला लागेल ते वाचणारी मुलगी. दुपारी ती दिवाणावर पालथी पडून एका जाडजूड कादंबरीत बुडालेली आणि मी खिडकीपाशी खुर्ची ओढून माझं वाचत होते. बाहेर ऊन रणरणत होतं, चहाची वेळ टळून गेली होती, तरी दोघींपैकी कुणी उठेना. मध्येच तिनं मान वर केली. "मावशी, कधीची एकटीच हसतेयस. काय वाचतेस एवढं?" मी हसत होते हे मलाच ठाऊक नव्हतं. म्हटलं, "अमेरिकेत एका हॉटेलातले पूल पडले होते, त्याच्या चौकशीचा अहवाल." "छान आहे?" "फार छान आहे गं. काय एकेक धागा सोडवत गेलेत!" ती परत पुस्तकात शिरली. पण पान उलटलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "कुणी मेलं होतं का त्यात?" मी म्हटलं, "हो. एकशे चौदा." तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं, आणि पुन्हा वाचायला लागली.

ते 'फार छान' तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

कॅन्सस सिटीचं हयात रीजन्सी हॉटेल, 17 जुलै 1981ची संध्याकाळ. हॉटेलच्या उंच दालनात नाचाचा कार्यक्रम चालू होता, खाली गर्दी, वर अधांतरी पुलांवर उभे राहून बघणारी माणसं. दुसऱ्या मजल्याचा पूल चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली होता आणि दोन्ही छतापासून पोलादी रॉडांनी टांगलेले होते. मूळ कल्पनेत एकच लांब रॉड छतापासून निघून चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार खाली दुसऱ्यापर्यंत जायचा होता. तसं करायचं तर रॉडच्या मोठ्या लांबीवर आटे पाडावे लागणार, म्हणून त्याचे दोन तुकडे झाले: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा चौथ्यापासून दुसऱ्यापर्यंत. कागदावर फरक एवढासा दिसतो की नजर सहज पुढं सरकते. विहिरीत सोडलेल्या दोराला दोन माणसं लटकली आहेत असं समजा. दोघांनीही दोरच धरला असेल तर वरच्याच्या हातांवर फक्त त्याचं स्वतःचं ओझं. खालच्यानं दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोर तोच, माणसं तीच, पण वरच्याच्या हातांवरचं ओझं दुप्पट. तसंच झालं. चौथ्या मजल्याच्या बीमखालचा नट दोन पुलांचा भार घेऊन बीममधून ओढला गेला आणि दोन्ही पूल खालच्या माणसांवर कोसळले. आणि मी जिथं हसले असेन ती जागा त्याच्याही पुढं आहे. चौकशी करणाऱ्यांनी मूळ, अखंड रॉडचा आराखडाही तपासला, तर तोही शहराच्या नियमांत मागितलेल्या ताकदीच्या जेमतेम 60 टक्केच भरला. म्हणजे सगळे ज्या बदलाकडे बोट दाखवत होते त्याच्या आधीपासून दोष तिथं होताच. रहस्यकथेत शेवटच्या प्रकरणात खोलीतला सगळ्यात गप्प माणूस उठून बोलायला लागतो तेव्हा अंगावर जो शहारा येतो, तोच मला आला.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पुण्यात इमारतींची आरसीसी डिझाइनं करते. त्या दुपारी मी कामाचं वाचत होते की आवडीचं, हे मला भाचीला सांगता आलं नसतं. स्वतःलाही सांगता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं वाचन कराडात सुरू झालं. वाचनालयातली पुस्तकं खाकी पुठ्ठ्यात बांधलेली असायची. बांधणी इतकी घट्ट की आतल्या कडेचे शब्द शिवणीत गडप व्हायचे आणि पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून डोळा आत घालावा लागायचा. त्या पुस्तकांना एक वास होता, खळीचा, दमट कापडाचा आणि आधी वाचणाऱ्यांच्या घरांचा. आमच्या आईला वाचनाचं वेड. भाजी निवडताना, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी असताना, तिचं पुस्तक उघडंच असे. ती काय वाचते, त्यातून काय मिळतं, हा प्रश्न घरात कुणी कधी विचारला नाही. दुपारच्या त्या दोन तासांत कुणीही कुणाला काही सिद्ध करून दाखवत नव्हतं. पुस्तकातली बाई चुकीच्या माणसाशी लग्न करायची, आई 'अगंबाई' म्हणायची आणि पान उलटायची. मी शेजारी पोटावर पडून माझं वाचायची. संध्याकाळी दिवा लागला की दोघींना एकदमच भान यायचं.

मग इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग स्वतःचं ऑफिस. वाचन थांबलं नाही, उलट वाढलं, पण त्याची जागा बदलली. दिवाणावरून ते टेबलाशी आलं. हातात पेन्सिल आली, शेजारी कॅल्क्युलेटर. आयएस 456, म्हणजे काँक्रीटच्या बांधकामाचे नियम सांगणारं भारतीय कोड, उघडलं की पाठ आपोआप ताठ होते. कॉलममध्ये सळई किमान 0.8 टक्के हवी हे वाक्य मी कितीदा वाचलंय याला गणती नाही, तरी नव्या कामाच्या वेळी पुन्हा उघडून बघते, कारण आठवणीवर विसंबून ड्रॉइंगवर सही करायची नसते. आमच्या धंद्यात शेवटी सहीच असते. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात, स्टॅबिलिटी सर्टिफिकेटच्या तळाशी. तिथं सही करते ती बाई रात्री झोपते तेव्हा तिच्या कागदावरच्या स्लॅबखाली दुसरी माणसं झोपलेली असतात. म्हणून मी जे वाचते, त्या प्रत्येक ओळीखाली पुढं कधीतरी माझी सही यायची असते. हे वाचन वाईट नाही. त्याला एक वेगळा ताण आहे आणि तो ताण मला आवडतोही. पण त्या वाचनात मी कधी हरवत नाही. हरवायचंच नसतं तिथं.

याचा परिणाम इतर वाचनावर झाला. रात्री कादंबरी घेतली की हात पेन्सिल शोधायचा. लेखकानं वाड्याच्या माडीचं वर्णन केलं की मी मनात तुळयांमधलं अंतर मोजायची. पात्रं बोलत असायची आणि माझी नजर पुढच्या परिच्छेदावर धावायची, मुद्दा काय ते हुडकत. कथेत मुद्दा वेगळा काढून ठेवलेला नसतो, हे मला माहीत असूनही नजर थांबेना. काही वर्षं मी कादंबऱ्या वाचल्याच नाहीत. दिवाळी अंक घरात यायचे, मुखपृष्ठं बघून टीपॉयवर राहायचे. त्याचं दुःख मोठं आणि गाजावाजा करून झालं असतं तर कदाचित लवकर कळलं असतं. ते तसं झालं नाही. फक्त आईशी फोनवर बोलताना ती म्हणायची, "काय वाचतेस सध्या?" आणि मी कुठल्या तरी परिषदेतल्या निबंधाचं नाव सांगायची, आणि पलीकडे ती गप्प व्हायची.

मला परत आणलं ते कादंबरीनं नाही, एका इंजिनिअरनं. जे. ई. गॉर्डन यांचं 'स्ट्रक्चर्स' 1978 साली आलं. मला ते भेटलं पुष्कळ उशिरा, एका रद्दीवाल्याकडे, आधीच्या मालकाच्या चहाच्या डागांसकट. त्यात गॉर्डन होमरपाशी पोचतात. ओडिसीमध्ये पाहुण्याचा रथ आल्यावर नोकर घोडे सोडतात आणि रथ भिंतीला टेकवून तिरका उभा करतात. इलियडमध्ये एक देवी रथाला चाकं बसवते, म्हणजे चाकं काढून ठेवलेली असायची. वाङ्मयाचे अभ्यासक या ओळींवरून पुढं जातात. गॉर्डन थांबतात आणि सांगतात की त्या चाकांचं लाकूड फार बारीक होतं. सतत ओझं राहिलं तर लाकूड हळूहळू वाकत जातं, क्रीप होतं, आणि रात्रभर रथ चाकांवर उभा राहिला तर सकाळी चाक गोल राहायचं नाही. म्हणून ओझं उतरवून ठेवायची पद्धत. हे वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ तशीच बसले. या माणसाचा धंदा त्याच्या आनंदाच्या आड आला नव्हता. त्याला ज्या गोष्टीत आनंद होता ती त्याला महाकाव्यातही दिसली, एवढंच.

त्यानंतर मी कोडसुद्धा वेगळं वाचायला लागले.

भूकंपासाठीचा आयएस 1893 घ्या. आमच्यातले बहुतेक जण तो सरळ तक्त्यापाशी उघडतात, झोन बघतात, आकडा उचलतात, सॉफ्टवेअरमध्ये घालतात, काम संपलं. मीही वर्षानुवर्षं तसाच उघडला. पण पहिली आवृत्ती 1962ची, मग 1966, 1970, 1975, 1984, 2002, 2016, अशी ती ओळ क्रमानं लावली की प्रत्येक बदलाच्या आसपास कुठली जमीन हलली होती ते दिसायला लागतं. 11 डिसेंबर 1967ला पहाटे कोयना हलली. त्याआधीच्या नकाशात तो सगळा भाग जवळपास निर्धोक धरला होता, कारण दख्खनचा पाषाण म्हणजे स्थिर, अशी समजूत. 1970च्या आवृत्तीत कोयनेचा परिसर थेट वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. नकाशावरची रंगाची एक छटा बदलली, इतकंच वाचणाऱ्याला दिसतं.

माझी आई पाटण तालुक्यातली. तेव्हा शाळेत होती. ती सांगते, आधी आवाज आला, जमिनीच्या आतून, पोटात गुरगुरल्यासारखा, आणि मग मांडणीवरची भांडी एकदम खाली आली. गोठ्यातली गाय दावं तोडून अंगणात. थंडीचे दिवस, पण त्यानंतर कितीतरी रात्री सगळी आळी बाहेर गवताच्या पेंढ्या अंथरून झोपत होती, कारण घरात जायची छाती होईना. धरणाच्या भिंतीला त्या दिवशी तडे गेले. 103 मीटर उंचीची ती भिंत मागच्या बाजूनं जिथं एकदम उतार बदलते, त्या मानेपाशी. धरण तगलं, नंतर त्याला आधार देऊन मजबूत केलं. पण ते तडे आता जगभरच्या इंजिनिअरांचे झाले आहेत. बांधकाम भाराखाली कसं वागेल ते संगणकावर मांडणारं अबाकस (Abaqus) नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या उदाहरणसंग्रहात कोयना धरण आहे. दहा सेकंदांची कंपनांची नोंद द्यायची, आणि संगणक मानेतला तडा काढून दाखवतो. तो तसा आला तर तुमची पद्धत बरोबर. मी ते उदाहरण पहिल्यांदा चालवलं तेव्हा आई माझ्याकडेच होती, आतल्या खोलीत वाचत. पडद्यावर भिंत डावी-उजवीकडे हलली, मानेतला रंग लाल झाला. मी तिला हाक मारली. तिनं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "आवाज नाही यात." मग तिनंच मला पहिल्यांदा सगळं सलग सांगितलं, भांडी, गाय, गवत. इतकी वर्षं तुकड्या-तुकड्यांत ऐकलं होतं. त्या आकृतीसमोर बसून ऐकताना दोन वाचनं एकमेकांत मिसळली आणि ती नंतर मला कधी पूर्ण वेगळी करता आली नाहीत.

किल्लारीचं तसंच. मराठवाड्यातली एक कादंबरी वाचताना माळवदावर झोपायला चढणारी पोरं आली. उन्हाळ्याच्या रात्री, खाली उकडतं, वर वारा, चांदण्या. फार सुंदर लिहिलेली पानं. आणि मला त्या पोरांच्या पाठीखालची माती दिसायला लागली. दीड फूट मातीचं माळवद म्हणजे दर चौरस मीटरला साडेसातशे किलोच्या आसपास. आमच्या पाच इंची स्लॅबचं तीनशेच्या पुढं थोडं. ती माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते, म्हणून पिढ्यान् पिढ्या माणसांनी ती वर घातली. खाली हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती, चिखलात रचलेल्या, आतून-बाहेरून दोन थर आणि मध्ये भर. दोन्ही थरांना आरपार बांधणारा दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, ते थर सुटे झाले. पुष्कळ घरांत लाकडी खण उभे राहिले आणि भिंती आत पडल्या. 1984च्या नकाशात हा भाग झोन एकमध्ये होता, सगळ्यात कमी धोक्याच्या.

मी ते पान तिथंच मिटलं नाही. पुढं वाचत राहिले. पोरं माळवदावर हसत होती, एकाला स्वप्न पडलं, दुसऱ्यानं त्याला लाथ मारली. पूर्वी मला वाटायचं की धंद्याची नजर गोष्टीला मारते. इथं मी त्या पोरांवर जास्तच जीव लावून बसले, कारण त्यांच्या डोक्यावर काय होतं आणि पाठीखाली काय होतं हे मला किलोत माहीत होतं. आणि तरी ते वाचताना मला काहीही करायचं नव्हतं. त्या माळवदाची जबाबदारी माझी नव्हती, मला ते पाडून पुन्हा बांधायचं नव्हतं, कुणाला पत्र लिहायचं नव्हतं. मी फक्त त्यांच्याबरोबर वर आडवी झाले. ही मोकळीक मला दुसऱ्या कुठल्याही वाचनात मिळत नाही, आणि ती नसेल तर मी माणसांबद्दल नीट दुःखसुद्धा करू शकत नाही. टेबलाशी बसून मला दुःख होत नाही, तिथं मला दुरुस्ती सुचते.

आता मला भाचीचं ते पाहणं थोडं कळतं. कॅन्सस सिटीचा अहवाल मी टेबलावरून उचलून खिडकीच्या खुर्चीत नेला होता. पेन्सिल मागेच राहिली होती. त्या हॉटेलच्या ड्रॉइंगवर माझी सही नव्हती, घटना माझ्या लहानपणीची, देश परका. म्हणून मी तो गोष्टीसारखा वाचला आणि गोष्टीसारखा मला तो आवडला. ज्या 114 माणसांमुळे तो लिहिला गेला ती मला पानावर दिसत नव्हती, रॉड आणि नट दिसत होते. मुलीनं कादंबरीच्या मधोमध असताना, अगदी सवयीनं, माणसांबद्दल विचारलं. तिचा प्रश्न बरोबर होता. आणि माझा आनंदही खरा होता, त्याला मी आता नाकारणार नाही. कारण शोधणाऱ्यांनी तो नट, ती बीम, तो मूळ आराखडा इतक्या आस्थेनं तपासला नसता, तर पुढच्या पुलांखाली उभी राहणारी माणसं वाचली नसती. ही आस्था वाचताना सुख होतं. त्या सुखाशेजारी ती माणसंही बसलेली असावीत, एवढीच माझी आता स्वतःकडून अपेक्षा आहे.

म्हणून धंद्यातले मित्र "कथा-कादंबऱ्यांना वेळ कुणाला आहे, वाचायचं तर कामाचं वाचावं" असं म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. वर्षाला किती पुस्तकं संपवली याचे आकडे सांगणाऱ्यांचं तर जास्तच, कारण त्यांच्या आकड्यांत बहुतेक पुस्तकं कशाच्या तरी उपयोगासाठी उरकलेली असतात. आणि साहित्याच्या मंडळींपैकी कुणी "अहवाल वाचणं म्हणजे काय वाचणं" म्हणतं तेव्हाही तितकंच वाईट वाटतं. साइटवर फिटरला कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगचा हूक 135 अंशांत वळवायला सांगताना मी आजकाल त्याला कारणही सांगते: भूकंपात वरचं काँक्रीट सुटून पडलं की नव्वद अंशांत वळवलेला हूक उघडतो आणि आतला कॉलम मोकळा होतो. तो मन लावून ऐकतो. नुसता अंश सांगितला की मुकादम गेल्यावर पुन्हा नव्वदच वळवतो. कारण कळलं की तो स्वतःच दुसऱ्याला ओरडतो.

ऑफिसात नव्यानं आलेल्या मुलांना कोड देते तेव्हा मी हल्ली तक्त्यांची पानं लगेच उघडू देत नाही. आधी प्रस्तावना वाचायची, मोठ्यानं, आवृत्त्यांच्या सालांसकट. परवा एक मुलगी आयएस 1893ची अशी वाचत होती. 1984, मग 2002, झोन एक रद्द, किल्लारीचा परिसर झोन तीनमध्ये. तिथं ती थांबली. "मॅडम, भूकंप तर 1993चा. नकाशा बदलला 2002ला. मधल्या नऊ वर्षांत काय झालं?" मी कपाटातून आयएस 13828 काढलं. कमकुवत दगडी-मातीच्या घरांसाठीचं, 1993मध्येच छापलेलं, भिंतीच्या आरपार जाणारा दगड किती अंतरावर हवा ते आकृतीसकट सांगणारं. मग 1997च्या जबलपूरच्या भूकंपाचा अहवाल काढला, 1999च्या चमोलीचा, 2001च्या भूजचा. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि एकामागून एक प्रश्न विचारत गेली: पुढं कोणी गेलं का तिथं, घरं परत कशी बांधली, लोक त्या नव्या घरांत राहिले का. एका पार्किंगच्या बीमचं ड्रॉइंग त्या संध्याकाळी द्यायचं होतं. मी बिल्डरला फोन करून उद्या देते म्हणून सांगितलं.